चार बोटं वाव

आमचं बिझनेस स्कूल टाइल्सच्या दुकानाच्या वर होतं. वर जायचा जिना दुकानातूनच होता, त्यामुळे उद्याचे व्यवस्थापक रोज सकाळी कमोडच्या तीन रांगांमधून चालत वर्गात पोचायचे. प्रवेशाच्या दिवसांत एका पालकांनी दुकानातल्या माणसालाच विचारलं होतं, ‘सीट मिळेल का हो?’ तो म्हणाला, ‘सीट लगेच मिळेल, टाकी वेगळी घ्यावी लागेल.’ पालक विचारात पडले. आमच्या स्कूलमध्ये तशाही बऱ्याच गोष्टी वेगळ्या घ्याव्या लागायच्या.

संचालकांना आम्ही व्हिजन सर म्हणायचो. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझं व्हिजन असं आहे की’ इथून सुरू व्हायचं. माझं व्हिजन असं आहे की पंखा दोनवर करा. माझं व्हिजन असं आहे की ही फाइल परवापर्यंत सापडावी. त्या वर्षी त्यांचं व्हिजन असं होतं की स्कूलने ‘जबाबदार व्यवस्थापन आणि प्रादेशिक विकास’ असा उपक्रम हाती घ्यावा, कारण मानांकन देणारी समिती येणार होती आणि त्यांच्या यादीत या दोन्ही गोष्टींना मिळून चाळीस गुण होते.

प्रदेश कुठून कुठपर्यंत, यावर एक बैठक झाली. पन्नास किलोमीटरच्या आतले सगळे उद्योग शोधून काढायचे ठरलं. नऊ सापडले. त्यातले सहा बंद होते, एक आम्ही स्वतःच होतो. विकास करायला प्रदेश कमी पडला. उरलेल्या दोनपैकी बुटांचा कारखाना माझ्या वाट्याला आला. निवड अगदी पारदर्शक होती. तिथे माझा मामा मालाची लिफ्ट चालवायचा आणि दोन वर्षं मी त्याच्याच घरी राहत होतो.

कारखाना चार मजली. तळाला कातडं कापायचे, पहिल्यावर शिवायचे, दुसऱ्यावर सोल चिकटवायचे, तिसऱ्यावर बूट खोक्यात जायचे. खालून वर कातडं न्यायचं आणि वरून खाली खोकी आणायची, एवढं त्या लिफ्टचं काम. जाळीचं सरकतं दार, आत एक पिवळा दिवा, बाहेर एका स्टुलावर मामा. बावीस वर्षं तो त्या स्टुलावर होता. स्टूल तिसरं होतं, मामा पहिलाच.

लिफ्टचा ब्रेक झिजला की ती मजल्याला बरोबर लागत नाही, थोडी खाली उतरून थांबते. हे थोडं म्हणजे किती, ते मामा बोटांनी मोजायचा. सकाळी लिफ्ट रिकामी वर न्यायची, थांबवायची, दार सरकवायचं, खाली वाकायचं आणि मजल्याची कड व लिफ्टची फळी यांच्यामध्ये आडवी बोटं धरून बघायची. मग एका वहीत लिहायचं. तारीख, बोटं, सही. एक बोट म्हणजे ठीक. दोन म्हणजे मिस्त्रीला सांगा. तीन म्हणजे मिस्त्रीला पुन्हा सांगा, यावेळी ओरडून. चार म्हणजे कुलूप. हा नियम कुठेही छापलेला नव्हता. मामाने स्वतःच केला होता आणि स्वतःच पाळत होता.

दर शनिवारी तो ती वही मालकांच्या टेबलावर नेऊन उघडी ठेवायचा आणि समोर उभा राहायचा. बोलायचा काही नाही. मालक दोन मिनिटं दुसरीकडे बघायचे, मग वहीकडे, मग मामाकडे, आणि मग मिस्त्रीला फोन लावायचे. मामाला तिथून हलवायचा तो एकच उपाय होता. बावीस वर्षांत लिफ्टने कुणाचं नखही घेतलं नव्हतं.

मी ही पद्धत पहिल्याच आठवड्यात पाहिली आणि माझ्या अहवालात लिहिलं : ‘नोंदी अशास्त्रीय. मोजमापाचे एकक शरीराधारित.’ व्हिजन सरांनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, ‘उत्कृष्ट निरीक्षण.’

मग मी फॉर्म केला. मोबाइलवर भरायचा. खरं सांगायचं तर मी तो केला नाही, उचलला. स्कूलच्या कार्यालयात शिपाई आणि कारकून यांच्यासाठी एक तयार फॉर्म होता, त्यातला मजकूर काढला आणि यंत्रांची नावं टाकली. खाली तीन पर्याय होते : उत्तम, समाधानकारक, सुधारणेस वाव. माथ्यावर ‘कामगिरी मूल्यमापन’ असं लिहिलेलं होतं. ते मी तसंच ठेवलं, कारण ते ठळक अक्षरांत होतं आणि छान दिसत होतं. कामगिरी कुणाची, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझ्या मते लिफ्टची.

पहिल्या दिवशी सकाळी मामा बोटं मोजून घरी परत आला. कारखान्याच्या मागच्या बाजूलाच त्याचं घर होतं, दोन खोल्या आणि एक कपाट, तेही कारखान्याचंच. मामीने ताट वाढलं होतं. मी मोबाइल काढला.

‘बोल मामा. आज किती?’

‘एक बोट.’

‘समाधानकारक,’ मी टिचकी मारली. ‘आता हे बटण तू दाब. तुझी सही समज.’

त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बटण दाबलं. हिरवी बरोबरची खूण आली. तो मामीला म्हणाला, ‘बघितलंस? लगेच पास केलं.’

‘पोरगा घरचा आहे म्हणून,’ मामी म्हणाली. ‘बाहेरच्याने नापास केलं असतं.’

पाच दिवसांनी दोन बोटं झाली.

‘सुधारणेस वाव,’ मी म्हणालो.

‘वाव म्हणजे फट ना?’

‘वाव म्हणजे... हो, तसंच काहीतरी.’

‘मग बरोबर आहे. फटच आहे ती. आणि तीन बोटं झाली तर?’

‘तरी सुधारणेस वाव.’

‘चार?’

‘मामा, वाव म्हणजे वाव. त्यात किती ते येत नाही.’

‘अख्खा हात मावला तरी?’

‘तू आधी जेव,’ मामी त्याला म्हणाली. ‘मॅनेजरला उशीर होतोय.’

मॅनेजर म्हणजे मी. कारखान्यात मला भाचेसाहेब म्हणायचे. हे नाव पाहुण्याने ठेवलं होतं. पाहुणा म्हणजे हमाल. अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी माल हलवायला आणला होता, नंतर कुणी जा म्हणालं नाही आणि तोही गेला नाही. त्याचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, पण यादी वाचणारा कारकूनसुद्धा ‘पाहुणे’ अशीच हाक मारायचा. खोकी भरलेली ट्रॉली लिफ्टमध्ये ढकलायचं आणि काढायचं काम त्याचं. रोज सकाळी तो मामाला विचारायचा, ‘लिफ्टवाले, आज किती उतरली?’

‘तीन बोटं.’

‘चालेल. मीही घरी तीन बोटं उतरलोय. बायको म्हणते, पूर्वी उंच वाटायचात.’

आता वही उरली नव्हती, ती मी ‘जुनी पद्धत’ म्हणून स्कूलमध्ये नेली होती. मामा शनिवारी सवयीने मालकांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा हात रिकामेच होते. मालकांनी त्याला बसायला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

‘आता तुम्ही कशाला त्रास घेता? सगळं मोबाइलवर गेलंय. कॉलेज बघतंय.’

कॉलेज बघत नव्हतं. कॉलेजला वाटत होतं, मालक बघताहेत. व्हिजन सरांच्या खोलीत एक मोठा पडदा होता आणि त्यावर आमच्या उपक्रमाचे रंगीत गोल फिरायचे. ‘सुधारणेस वाव’ला मी आधी लाल रंग दिला होता. सर म्हणाले, लालने नकारात्मक वातावरण तयार होतं. मग मी तो पोपटी केला. पडदा हिरवागार झाला. भेटीला येणारे लोक त्याकडे बघून म्हणायचे, व्वा.

एका मंगळवारी चार बोटं झाली. मामाने लिफ्टला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून स्टुलावर बसला. तासाभराने मला वर्गात फोन आला. मालक होते.

‘भाचेसाहेब, एक विचारायचं होतं. तुमच्या फॉर्ममध्ये ‘बंद’ असा पर्याय आहे का?’

मी आठवून बघितलं. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. एवढा मोठा माणूस मला विचारत होता. अख्खा वर्ग बघत होता.

‘नाही सर. बंद असा नाहीये.’

‘तेच म्हटलं. म्हणजे पद्धतीत बसत नाही ते.’

‘पद्धतीत नाही बसत.’

‘आभारी आहे. तुमच्यासारखी मुलं हवीत आम्हाला. डिग्री झाली की येऊन भेटा, जबाबदारी अधिकारी म्हणून एक जागा काढतोय.’

संध्याकाळी मामा घरी आला तेव्हा किल्ली त्याच्याकडे नव्हती. तो मला म्हणाला, ‘तू नाही म्हणालास म्हणे.’

‘मी फक्त फॉर्ममध्ये नाही म्हणालो.’

‘हां,’ तो म्हणाला. ‘तसंच असेल.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा वाकून बोटं मोजून आला, मी टिचकी मारली, त्याने बटण दाबलं.

मानांकन समिती आली. मी त्यांच्यासाठी स्कूलच्या प्रवेशाच्या जागेत एक काचेची पेटी मांडली होती. डाव्या बाजूला ‘आधी’, उजव्या बाजूला ‘नंतर’. नंतरमध्ये मोबाइल. आधीमध्ये मामाची वही. पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडत होती आणि वही फुगून पेटीचं झाकण बसत नव्हतं, म्हणून मी कारखान्यातून सोल चिकटवायच्या गोंदाचा डबा आणला आणि पानागणिक एक हात फिरवला. सगळ्यात सुवाच्य पान वर ठेवलं. त्यावर मागच्या वर्षीचा एक आठवडा होता. एक बोट, एक बोट, एक बोट. समितीने त्या पेटीचे फोटो काढले. चाळीसपैकी अडतीस गुण मिळाले. दोन कशाला कापले ते कळलं नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी, दुपारी, पाहुणा वरच्या मजल्यावर खोक्यांची ट्रॉली लिफ्टमध्ये ढकलत होता. पुढची चाकं फटीत अडकली. तो आत उतरला आणि पुढून ओढू लागला. तो अर्धा आत आणि अर्धा बाहेर असताना ब्रेक सुटला.

मामा खाली स्टुलावर होता. त्याने वरून खोकी पडल्याचा आवाज ऐकला. बूट एकेक करून फटीतून खाली येत होते, डावे-उजवे सगळे. लिफ्ट तळाला आपटली तेव्हा जाळीतून पहिल्यांदा तेच दिसले, असं तो नंतर सांगायचा. त्यापुढचं सांगत नसे. मी विचारलंही नाही.

सरकारी निरीक्षक दुसऱ्या दिवशी आला. त्याने लिफ्टला लाखेचं सील लावलं, दोन फोटो काढले आणि म्हणाला, तुमचा अंतर्गत चौकशीचा अहवाल द्या, मग पुढचं बघू. मालक म्हणाले, चौकशी निष्पक्ष व्हायला हवी, त्रयस्थ संस्थेकडून. प्रदेशात त्रयस्थ संस्था एकच होती. तिच्या सल्लागार मंडळावर मालक होते.

व्हिजन सर अध्यक्ष झाले, मालक सदस्य. तिसरे सदस्य नीतिशास्त्र शिकवायचे, ते आजारी पडले. त्यांची खुर्ची ठेवली. इतिवृत्त लिहायला कारखाना माहीत असलेला माणूस हवा होता, म्हणून मला सचिव केलं.

मामीने ते ऐकलं तेव्हा ती म्हणाली, ‘बरं झालं. आपलं माणूस आत आहे.’ मामाची नोकरी, कारखान्यामागच्या खोल्या आणि पोलीस येणार की नाही, हे सगळं आता त्या इतिवृत्तावर अवलंबून होतं. मामा चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मामी त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची : ‘वहीत लिहिलंय ना तुम्ही? मग कशाला घाबरता?’

त्या वहीत फॉर्मनंतरचे दिवस नव्हते, पण बोटं म्हणजे लिफ्टची फट हे तरी त्यातून दिसलं असतं, म्हणून चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्कूलमध्ये जाऊन पेटी उघडली. वही हातात घेतली तर वीट. तो गोंद चांगला होता, बूट फाटले तरी जोड सुटत नाही अशी त्याची ख्याती होती. मी ब्लेडने प्रयत्न केला. खालच्या दुकानातून नळ बसवणाऱ्याकडचं रसायन आणलं. शेवटी किटलीच्या वाफेवर धरली. पानं सुटली, पण तुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्याची शाई दुसऱ्यावर गेलेली. ‘बोटं’ वाचता येत होतं. किती, ते नाही.

शिपाई बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘महत्त्वाचं होतं का?’

‘हो.’

‘मग चिकटवलं कशाला?’

चौकशी सकाळी अकराला सुरू झाली. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो कमोडच्या रांगांमधून अगदी अंग चोरून वर आला होता, काही फुटू नये म्हणून. त्याला खुर्ची दिली. तो कडेवर बसला. मी टेबलाच्या टोकाला, पुढ्यात कोरे कागद.

व्हिजन सरांनी एक छापील गठ्ठा काढला. ‘माझं व्हिजन असं आहे की आपण फक्त पुराव्यांवर बोलू. हा फॉर्म. ‘कामगिरी मूल्यमापन’. एकूण एकेचाळीस नोंदी. त्यातल्या छत्तीस दिवशी कर्मचाऱ्याने स्वतः बटण दाबून कबूल केलं आहे की आपल्या कामगिरीत सुधारणेस वाव आहे.’

मालकांनी खेदाने मान हलवली. ‘छत्तीस दिवस. आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही.’

मामा माझ्याकडे बघायला लागला. रागाने नाही. परीक्षेत शेजाऱ्याकडे बघतात तसा.

मी पेन खाली ठेवलं. मला उभं राहायचं नव्हतं, पण राहिलो होतो.

‘सर, ते लिफ्टबद्दल आहे. मामाबद्दल नाही. माथ्यावरचा मजकूर मी शिपायांच्या फॉर्मवरून उचलला. मामा रोज बोटं सांगायचा, दोन, तीन, चार. फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नव्हती, म्हणून मी वाव लिहायचो. त्याने कुलूपसुद्धा लावलं होतं. मालकांनी मला फोन केला होता.’

‘मला असा फोन आठवत नाही,’ मालक म्हणाले. आवाज मऊ होता. ‘पण मुलगा मनाने चांगला आहे.’

खाली कुणीतरी टाइल वाजवून बघत होतं.

‘हे इतिवृत्तात घेणार आहेस?’ सरांनी मला विचारलं.

‘हो सर.’

‘घे. पण परिणाम समजून घे. फॉर्म सदोष होता असं तू म्हणतोस. म्हणजे तू स्कूलला खोटा प्रकल्प दिलास. म्हणजे तुझी पदवी गेली. मानांकन गेलं, ते आमचं आम्ही बघू. आणि चार बोटं तुला माहीत होती, तरी तू पर्याय नाही म्हणालास, असंही तू म्हणतोस. एक माणूस गेलाय. आज-उद्या हे निरीक्षकाकडे जाईल आणि त्यात तुझं नाव असेल. मी धमकी देत नाहीये. नीट वाचून दाखवतोय.’

आणि ते खरंच धमकी देत नव्हते. त्यांचं म्हणणं ओळीने ओळ बरोबर होतं.

मग मामा खाकरला.

‘साहेब, मी बोलू?’

‘बोला ना.’

‘पोराला काय कळतंय. घरचं माणूस म्हणून बोलतोय तो. फॉर्म मला नीट समजला होता. बटण मीच दाबायचो.’

‘मामा, गप्प बस.’

‘तू गप्प बस. सचिव आहेस ना? सचिवाने मध्ये बोलायचं असतं का?’ तो सरांकडे वळला. ‘कुलूपबिलूप काही नव्हतं. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. बस. लिहा.’

‘मामा...’

‘लिही म्हणतो ना! दोन वर्षं घरात पोसलं ते काय वाद घालायला? तुझ्या आईला मी काय सांगू? लिही.’

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. व्हिजन सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला, अगदी हळू, आजाऱ्यापुढे पाणी सरकवतात तसा.

मी आता सांगतो ते पुष्कळदा मनात उलटसुलट करून झालंय. मी पेन फेकू शकलो असतो. खाली जाऊन, कमोडमधून धावत, निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊ शकलो असतो. ते चालत दहा मिनिटांवर होतं. मामाचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, आता मी काही केलं तर त्याने जे केलं ते फुकट जाईल. असं मला वाटलं, की मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बसलो आणि लिहिलं.

इतिवृत्त चांगलं झालं. सरांनी एकही दुरुस्ती केली नाही. नियमाप्रमाणे मी मामाला ते वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने सही केली, बोटं मोजून झाल्यावर वहीत करायचा तशीच, आडवी आणि ठसठशीत.

घरी आलो तेव्हा मामी दारातच होती. मामा हातपाय धुवायला मागे गेला.

‘काय झालं?’

मी सांगितलं. सगळं. ती ऐकत खाली बसली. मग म्हणाली, ‘केलं ते केलं त्यांनी. लक्ष नव्हतं, एवढंच ना? लक्ष कुणाचं नसतं कधीकधी. त्याला फाशी नाही देत कुणी. नोकरी जाईल, जाऊ दे. तू काय लिहिलंस ते वाच.’

माझ्याकडे एक प्रत होती. मी वाचली. ‘सदर कर्मचाऱ्याने असे कबूल केले की, कर्तव्य बजावताना त्याच्या गंभीर निष्काळजीपणामुळे सदर दुर्घटना घडली व त्यास तो व्यक्तिशः कारणीभूत आहे.’

‘हे कोण म्हणालं?’

‘मामा.’

‘हे म्हणाले, गंभीर निष्काळजीपणा? ह्यांना तो शब्द एका दमात म्हणता तरी येईल का?’

‘तो म्हणाला, लक्ष नव्हतं. मी ते... मी ते नीट भाषेत लिहिलं.’

‘नीट भाषेत,’ मामी म्हणाली.

मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, मालकांनीही नाही. हात आपोआप तसा चालला. दोन वर्षं मला तसंच लिहिण्याचे गुण मिळत होते. लक्ष नव्हतं असं लिहिलं असतं तर सरांनी पूर्वी गुण कापले असते.

‘बदलता येतं का?’

मी सरांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. अहवाल तीन वाजता माणसाबरोबर निरीक्षकाकडे पाठवून दिला होता, पोचपावती आली होती. ‘आणि एक सांगतो,’ ते म्हणाले, ‘भाषा फार प्रगल्भ आहे तुझी. एवढ्या ताणातसुद्धा.’

मामीने उठून कपाट उघडलं आणि त्यातले कपडे काढून पलंगावर ठेवायला सुरुवात केली, कारण कपाट कारखान्याचं होतं. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, ‘तू राहू दे. तू जेवून घे.’ मामा बाहेर आला, पलंगावरचे कपडे बघितले आणि त्याने घड्या करायला घेतल्या.

पोलीस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आले. दोघं होते, त्यातला एक वयाने बराच मोठा, बोलायला सभ्य. त्याने दारात उभं राहूनच कागद काढला आणि माझं वाक्य वाचून दाखवलं. सरकारी आवाजात ते अधिकच चांगलं वाटत होतं.

मामाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो माझ्याकडे वळला.

‘ह्याचा अर्थ काय रे नेमका?’

काल मी वाचलं तेव्हा त्याने विचारलं नव्हतं. मी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालला होता.

मी त्याला अर्थ सांगितला. सोप्या शब्दांत, हळूहळू. दोघं पोलीस थांबले. मामी आतल्या दाराला धरून उभी होती.

‘असं होय,’ मामा म्हणाला आणि चपला घालायला खाली वाकला.